तंत्रज्ञानाचं वेड असलेली माणसं सुट्टीत नेमकं करतात काय? तेव्हाही स्क्रीनसमोरच?

तुमच्या प्रश्नात थोडी कीव डोकावतेय, ती आधी बाजूला ठेवते. हो, बराच वेळ स्क्रीनसमोरच. वर्षभर पगारासाठी जिच्यासमोर बसते ती स्क्रीन मात्र बॅगेत बंद असते.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची. तिथे दिवसाचे तुकडे पडलेले असतात. मीटिंग, निरोप, पुन्हा मीटिंग. एखादी गोष्ट डोक्यात नीट बसायला तासभर लागतो आणि बसली रे बसली की कुणीतरी हाक मारतं. त्यामुळे सुट्टीत मला सगळ्यात जास्त हाव असते ती सलग वेळाची. सकाळी उघडलेलं यंत्र रात्रीही टेबलावर तसंच उघडं, स्क्रू वाटीत, आणि ‘हे कधी संपणार’ असं विचारणारं कुणी नाही. (घरचे विचारतात. पण त्यांना तारीख सांगावी लागत नाही.)

अशा मोकळ्या आठवड्यातून काय निघू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पायथन. १९८९च्या डिसेंबरात गुइडो व्हान रॉसम यांचं ऑफिस नाताळात बंद राहणार होतं, घरी कॉम्प्युटर होता आणि हाताशी दुसरं काही नव्हतं. म्हणून आठवडाभर मन रमवायला त्यांनी एक प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली, असं त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवलंय. फेब्रुवारी १९९१मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. माझ्या सुट्टीतून असलं काही निघालेलं नाही. गेल्या सुट्टीत निघाली ती दिव्यांची माळ, आणि तीही चौथ्या दिवशी.

माळ म्हणजे ज्यातला प्रत्येक दिवा वेगळ्या रंगाने पेटवता येतो ती एलईडीची पट्टी. १५० दिवे, ५ व्होल्टवर चालणारी, आणि हुकूम सोडायला ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड. टेबलावर बोटभर वायर लावून पाहिली तेव्हा सगळं झकास. खिडकीवर चढवली आणि दोन रोग एकदम उपटले. एक, सगळे दिवे पांढरे केले की शेवटचे तीसेक पिवळट पडायचे. दोन, मधूनच अख्खी माळ अंगात आल्यासारखी भलत्याच रंगांत लुकलुकायची.

पहिल्याचं गणित सोपं निघालं. पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला एक दिवा साधारण ६० मिलीअँपिअर खातो. १५० दिव्यांचे झाले ९ अँपिअर. पट्टीतलं तांबं पातळ, त्यामुळे टोकापर्यंत जाता जाता व्होल्टेज घसरतं. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी असतात. निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात आणि पांढऱ्याचा पिवळा होतो. जाड वायर टाकून दुसऱ्या टोकालाही वीज दिली, उजळपणा निम्म्यावर आणला, मिटलं.

लुकलुकण्याने मात्र दोन रात्री खाल्ल्या. प्रोग्राम तीनदा पुन्हा लिहिला. चूक आपल्याच कोडमध्ये असणार ही माझी व्यवसायजन्य खोड. मग वायरजवळ हात नेला की लुकलुक थांबते हे लक्षात आलं. कोडला हाताचं काय कळणार! शेवटी दिव्याची डेटाशीट (उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक) उघडली, जी पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. संदेश शून्य-एकच्या भाषेत जातो, आणि पुरवठा व्होल्टेजच्या किमान ०.७ पट व्होल्टेजचा संदेश आला तरच दिवा त्याला ‘एक’ समजतो. म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. माझा बोर्ड देत होता ३.३. आखूड वायरीत हे नशिबावर चालून गेलं, लांब वायरीत नाही.

यावर संदेशाचं व्होल्टेज वाढवणारी, लेव्हल शिफ्टर नावाची चिप लावतात. माझ्याकडे नव्हती, म्हणून एक जुनी युक्ती वापरली. पहिल्या दिव्याच्या वीजपुरवठ्यात साधा सिलिकॉन डायोड टाकला. तो ०.७ व्होल्ट गिळतो, त्या दिव्याला मिळतात ४.३, आणि मग त्याला संदेश जेमतेम ३ व्होल्टचा असला तरी पुरतो. तोच दिवा पुढच्याला ४.३चा ठणठणीत संदेश देतो. एका डायोडला डाख दिला आणि माळ शहाण्यासारखी वागू लागली. त्या क्षणी मी जो आरडाओरडा केला तो घरात कुणालाच कळला नाही. माळ तर आधीही पेटत होतीच ना, असं त्यांचं म्हणणं.

डिसेंबरात सुट्टी पडली तर अ‍ॅडव्हेंट ऑफ कोडची कोडी सोडवते. ही प्रोग्राम लिहून सोडवायची ऑनलाइन कोडी. एरिक वास्टल २०१५पासून दर १ डिसेंबरला हे सुरू करतात, रोज एक कोडं, दोन भागांत. पहिला भाग सुटला की आपण हुशार आहोत असं वाटतं, दुसरा तेवढ्यासाठीच ठेवलेला असतो. पूर्वी ही २५ दिवस चालायची, २०२५मध्ये १२वर आली. मी एकदाही शेवटपर्यंत पोहोचलेले नाही.

आणि मग नातेवाईक. ‘तू कॉम्प्युटरवाली ना’ या वाक्याने सुरू होणाऱ्या लष्कराच्या भाकऱ्या. भरलेले फोन, विसरलेले पासवर्ड, कुणाचा तरी रुसलेला प्रिंटर. प्रिंटरला मी हात लावत नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. फोटोंच्या बाबतीत मात्र मी स्वतःहून मागे लागते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. लोक हो हो म्हणतात आणि सगळं एकाच फोनवर ठेवतात.

या सुट्टीत मावशीने जुन्या कॅसेटचा खोका माझ्याकडे दिला. प्लेअर उघडला तर आतल्या रबरी पट्ट्याचं काळं डांबर झालेलं. ते खरवडून काढायला एक दुपार गेली, बोटं दोन दिवस काळी. नवा पट्टा घातला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) पुसलं, तरी आवाज गोधडीतून आल्यासारखा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. गंमत अशी की आपलं हेड सरळ असून भागत नाही. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं जेवढं वाकडं होतं तेवढंच आपलंही वाकडं करावं लागतं. स्क्रू केसभर फिरवला आणि ‘स’, ‘श’ एकदम खणखणीत ऐकू यायला लागले.

६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाने, सेकंदाला ४४,१०० नमुने घेत, तासाभराची फाइल होते साधारण ६३५ एमबी. मी हेडफोन लावून पूर्ण ऐकते. मामा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तालीम करतोय. तेच भाषण तीनदा, तिन्ही वेळा एकाच शब्दावर अडखळतो, आणि मागून आजीचा आवाज येतो, ‘पुरे आता, झोप.’

तेवढा तुकडा कापून मामाला पाठवला. मामा आता साठीला आलाय. दहा मिनिटांनी त्याचा फोन, ‘अगं, काहीतरी पाठवलंयस तू, पण हे उघडायचं कसं?’