एका कानात दडा बसला आहे, आवाज पत्र्यासारखे येतात, पण दुखत नाही. आठवडाभर वाट पाहावी का?

तुम्ही लिहिले आहे की तीन दिवसांपासून डावा कान भरल्यासारखा वाटतो, त्या कानाला फोन लावला तर समोरच्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, आणि दुखत नसल्यामुळे घरचे ‘सर्दी असेल, उतरेल’ असे म्हणतात. दुखत नाही म्हणून थांबण्याचा हा सल्ला चार वर्षांपूर्वी आमच्याही घरात दिला गेला होता आणि मी तो ऐकला होता, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मी मिरजेत तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढतो, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून स्वराला झणत्कार आणतो. या कामाला आता चाळीस वर्षे झाली. नवरात्रात अंबाबाईचा संगीत महोत्सव असतो, त्याआधीचे पंधरा दिवस आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या वाद्यांनी पाय ठेवायला जागा उरत नाही. अशाच गडबडीत एका सकाळी एका गायिकेचा जुना तंबोरा जुळवायला घेतला, तर जोडीच्या तारा काही केल्या मिळेनात. षड्ज (सा) एकच, पण तो डाव्या कानाला जागच्या जागी आणि उजव्या कानाला किंचित चढलेला ऐकू येत होता, आणि त्यामागे बाटलीत माशी अडकावी तशी घरघर चालू होती. इतकी वर्षे ज्या कानाच्या भरवशावर पोट भरले त्याच्यावर संशय घेण्याची बुद्धी मला झाली नाही. मी दोष घोडीला दिला, दोन तास तिच्यावर कानस चालवली आणि एक उत्तम घोडी वाया घालवली. दुपारी कान खाजला म्हणून सहज उजव्या कानात बोट घातले आणि तंबोरा एकदम सुरात आला.

हे मी दोन दिवस कोणालाही सांगितले नाही. जवारी काढणाऱ्याला दोन कानांनी दोन षड्ज ऐकू येतात, ही बातमी गिऱ्हाइकांपर्यंत गेली असती तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. तिसऱ्या दिवशी थोरल्या भावाला कळले, कारण तो उजवीकडून हाका मारत होता आणि मी मान वर करत नव्हतो. दादाने तिथल्या तिथे निदान केले: “दडा बसलाय, दुसरं काही नाही. लसणीचं तेल कोमट करून घाल.” पुढचे पाच दिवस रोज रात्री मी तेल घालून कापसाचा बोळा लावून झोपत होतो. मधल्या काळात नेहमीच्या डॉक्टरांनीही सर्दीच्या गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब दिले, त्यामुळे दादाला जोरच चढला. अकराव्या दिवशी सकाळी उठताना खोली फिरली, तेव्हा पत्नीने कोणाला न विचारता रिक्षा बोलावली आणि आम्ही सांगलीला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी कानात पाहिले. पडदा स्वच्छ होता आणि मळ अजिबात नव्हता. मग सेकंदाला ५१२ कंपनांचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून माझ्या कपाळावर मध्यभागी टेकवला. (पेटीच्या पांढरी एकच्या तार षड्जापेक्षा तो थोडा उतरलेला असतो, हे मी त्यांना सांगितले, त्यांना त्यात रस नव्हता.) आवाज डावीकडे गेला. मळ, सर्दीचा दडा किंवा पडद्यामागचे पाणी यांपैकी काही कारण असते तर तो बिघडलेल्या कानात जास्त ऐकू आला असता. चांगल्या कानाकडे गेला याचा अर्थ बिघाड आतल्या कानात किंवा नसेत होता. याला आकस्मिक बहिरेपणा म्हणतात: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन कंप्रतांवर (म्हणजे चाचणीतल्या तीन वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवण कमी होणे. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. दुखत नाही, कारण दुखण्यासारखे तिथे काही घडतच नसते. फक्त शंखाकृती नलिकेतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी निकामी होत असतात. एका कानात त्या साधारण १५,००० असतात आणि माणसात गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि त्या पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या. मला त्या अकराव्या दिवशी मिळाल्या, नंतर पडद्यातून तीन इंजेक्शनेही झाली. एका बाजूच्या अशा बहिरेपणामागे क्वचित तोल सांभाळणाऱ्या नसेवरची गाठ निघते, म्हणून एमआरआयही काढला; तो सुदैवाने स्वच्छ आला. ऑडिओमेट्रीत, म्हणजे श्रवण मोजण्याच्या चाचणीत, सुरुवातीला उजवा कान ५५ डेसिबलवर होता. दोन महिन्यांनी खालचे स्वर जवळपास परतले, दोन षड्जांचा पुन्हा एक षड्ज झाला, पण ४,००० कंपनांच्या वरचे फारसे काही आले नाही. बोलणे ऐकायला त्याने फारसे बिघडत नाही. जवारीचा झणत्कार मात्र बराचसा मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांशकांत असतो, म्हणून घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना आता मी वाद्याच्या उलट बाजूला बसून डावा कान पुढे करतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर: आठवडा नाही, उद्याही नाही, आज जा, आणि ऑडिओमेट्री केल्याशिवाय सर्दीच्या गोळ्या घेऊन परत येऊ नका. तोंड मिटून एक लांब हुंकार भरून पाहा. तो चांगल्या कानात जास्त घुमला तर आणखीच घाई करा. आणि कानात तेल घालू नका. पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्यापलीकडे जातच नाही, म्हणजे आतल्या कानाला त्याचा उपयोग शून्य. पडद्याला भोक असेल तर ते जाते, आणि तेव्हा जे होते ते अधिकच वाईट.

हुंकाराची परीक्षा ही डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, हे मात्र लिहायला हवे; तो बिघडलेल्या कानात घुमला म्हणून निश्चिंत होऊ नका. दडा येऊन-जाऊन असेल आणि सोबत वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चक्कर येत असेल, तर ते मेनिएरचे दुखणे (आतल्या कानाचा वेगळा आजार) असू शकते, त्याची वाट वेगळी आहे. मधुमेह असेल तर स्टिरॉइडने साखर वाढते, ते आधी सांगा, आणि दुकानातून आपल्या मनाने त्या गोळ्या आणू नका. दादाच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे: या आजारात बऱ्याच जणांचा कान औषधाविना आपोआप थोडाफार सुधारतो, आणि माझे खालचे स्वर गोळ्यांनी आले की आपोआप, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादा ते सांगतो. त्याच्या मते ते तेलाने आले.

गेल्या पावसाळ्यात आंघोळीनंतर दादाच्याच कानाला दडा बसला. तज्ज्ञांनी पाच मिनिटांत मळाचा गोळा काढला, कान मोकळा झाला, आणि तेव्हापासून ‘मी म्हणत नव्हतो, दडाच असतो’ हे तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. स्वतःच्या कानात तेलाचा थेंबही न घालता तो त्याच संध्याकाळी सांगलीला गेला होता, हे मी मध्येच म्हटले की त्याला नेमके माझे उजवीकडून बोललेले ऐकू येत नाही.