स्टेशनपासून दहा मिनिटं म्हणजे नेमकी किती?

(वाचकांच्या घरखरेदीच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देतायत बदलापूरमधले एक एजंट. 18 वर्षं हाच धंदा.)

मुलुंडला भाड्यानं राहतो. तिथं वन बीएचकेसुद्धा झेपत नाही, बदलापूरला त्याच पैशात टू बीएचके मिळतोय. जाहिरातीत ‘स्टेशनपासून 10 मिनिटं’ लिहिलंय. घ्यावा का?

घ्या की, मला धंदाच होईल, पण ती 10 मिनिटं कोणाची ते आधी बघा. साईट व्हिजिटला बिल्डरची गाडी तुम्हाला स्टेशनवरून उचलते, रविवारी दुपारी, रस्ता रिकामा, एसी चालू, आणि मीच पुढच्या सीटवरून म्हणतो ‘बघा आलोच’. खरं बघायचं तर सोमवारी सकाळी 7 ला त्या बिल्डिंगच्या गेटवर उभं राहा, शेअर रिक्षा किती वेळानं मिळते बघा, मग पूल चढून प्लॅटफॉर्मवर जा आणि घड्याळ लावा. आता गाडीचं. इथून सीएसएमटी 68 किलोमीटर. कर्जतहून येणारी गाडी भरूनच येते, आणि बदलापूर लोकल इथूनच सुटते म्हणून बसायला मिळेल असं वाटत असेल तर अंबरनाथची मंडळी डाऊन करून, म्हणजे उलट्या गाडीनं बदलापूरला येऊन, आधीच खिडकीत बसलेली असतात, त्यावरून रोज वादावादी. माझ्या एका पार्टीनं फ्लॅट घेतला तेव्हा हॉलच्या टाईल्स तीनदा बदलायला लावल्या पण गाडीचं टाईमटेबल एकदाही बघितलं नाही, दोन वर्षांत तोच फ्लॅट माझ्याकडे विकायला आला. तुमच्या घरात कोण किती वाजता निघतं आणि किती वाजता परत येतं ते कागदावर लिहा, मग टू बीएचकेचं बोलू.

पश्चिमेला नदीच्या बाजूला एक प्रोजेक्ट बराच स्वस्त आहे. कारण काय असेल?

कारण नदी. उल्हास नदी उन्हाळ्यात एवढीशी दिसते, मुलं उड्या मारतात, सेल्सवाला त्यालाच ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतो. 26 जुलै 2005 ला काय झालं ते इथल्या कुणालाही विचारा, आणि 27 जुलै 2019 ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, बोटी आणून लोकांना काढायला लागलं. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते, निळीच्या आत बांधकाम चालत नाही, त्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठं बसतो ते लेखी मागा. आणि सोपं काम म्हणजे शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनला चहा पाजा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. मी एकदा असाच गेलो, त्याचा हात माझ्या छातीपर्यंत होता. त्या दिवसापासून मी हेंद्रेपाड्याकडे तळमजला दाखवत नाही, कमिशन गेलं तरी.

बिल्डर म्हणतो महारेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर आहे, मग काळजी नको. बरोबर ना?

अर्धंच बरोबर. डोंबिवलीकडच्या 65 बिल्डिंगा आठवतात? पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवले होते, हायकोर्टानं 2024 मध्ये पाडायचा आदेश दिला, आणि आत लोक राहत होते, बँकेचे हप्ते भरणारे. म्हणून नंबर वेबसाईटवर बघाच, पण सीसीची (बांधकाम सुरू करायची परवानगी) कॉपी घेऊन स्वतः पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ही तुमचीच आहे का म्हणून विचारा. अर्धा दिवस मोडेल. वकिलाकडून टायटल सर्चही (जमीन नक्की कोणाच्या मालकीची ते तपासणं) वेगळा करून घ्या, बिल्डरनं सुचवलेल्या वकिलाकडून नको. आणि करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी 10 टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायद्यानं त्याला घेताच येत नाही. ‘आजच्या आज 5 लाख टाका, उद्या रेट वाढतोय’ असं कुणी म्हणालं तर उद्या या म्हणावं.

जाहिरातीतली किंमत आणि शेवटी द्यावी लागणारी किंमत यात एवढा फरक का येतो?

कारण जाहिरातीत फक्त फ्लॅट असतो. वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशनचा 1 टक्का (जास्तीत जास्त 30,000), सोसायटीचे पैसे, पार्किंग, आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी. 45 लाखांपर्यंतचा आणि 60 चौरस मीटर म्हणजे साधारण 645 फूट कार्पेटपर्यंतचा (भिंतींच्या आतली वापरायची जागा) फ्लॅट असेल तर 1 टक्का, नाहीतर 5, ओसी (राहायला जायचा दाखला) मिळाल्यावर काहीच नाही. म्हणून ‘ऑल इन किती’ एवढंच विचारा आणि लिहून घ्या. अजून एक, फ्लॅट बघायला जाताना टेप न्या. सॅम्पल फ्लॅटमधला बेड मापानंच छोटा बनवलेला असतो, दारं तर बसवलेलीच नसतात, खोली मोठी दिसणारच! आणि बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, जाहिरातीत ती धरून आकडा फुगवलाय का ते बघा.

इन्व्हेस्टमेंट म्हणून एक फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा म्हणतो.

30 लाखांचं लोन, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता 26,000 च्या आसपास. आमच्याकडे तशा फ्लॅटचं भाडं त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मेंटेनन्स वेगळा, आणि भाडेकरू सोडून गेला की दोन-तीन महिने कुलूप. मेट्रो येणार, एअरपोर्ट जवळ, हे मीही सांगतो, ब्रोशरमध्येच छापलेलं असतं. तुमचं तुम्ही बघा.

एजंटला दलाली का द्यायची?

नवीन बिल्डिंगमध्ये तुम्ही देतच नाही, बिल्डर देतो, मग मी कुणाच्या बाजूनं बोलणार ते ओळखा. रिसेलमध्ये तुम्ही देता, तेव्हा माझ्याकडून कामही करून घ्या, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (व्यवहार रजिस्टर झाल्याचा उतारा), सोसायटीची थकबाकी, सगळं मला पळवून आणायला लावा. महारेराचं एजंट रजिस्ट्रेशन मागायला लाजू नका, माझं दुकानात काचेवरच चिकटवलंय. भाड्याच्या घराला एक महिन्याचं भाडं घेतो, घासाघीस चालते, फक्त रविवारी 2 ते 4 फोन करू नका, मी जेवून झोपलेला असतो.