चौथीतील मुलीला कवितेतील अलंकार कसे समजावून द्यावेत?

आपल्या चौथीतील मुलीला उपमा आणि रूपक यांतील फरक कळत नाही, म्हणून व्याख्या पाठ करून घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नयेत. गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका शाळेत मी मराठी शिकवतो. पहिली काही वर्षे मीही फळ्यावर ‘उपमेय’ (ज्याची तुलना करायची ते), ‘उपमान’ (ज्याच्याशी करायची ते) हे शब्द लिहूनच तासाला आरंभ करीत असे. मुले ते बिनचूक उतरवून घेत आणि नवी ओळ समोर ठेवली की गप्प बसत.

आता मी दूधसागरापासून सुरुवात करतो, कारण तो धबधबा येथील बहुतेक मुलांनी प्रत्यक्ष नाही तरी चित्रात पाहिलेला असतो. पाणी कसे दिसते असे विचारले की कोणीतरी ‘दुधासारखे’ म्हणतो, घरी कोंकणी बोलणारे मूल ‘दुदाभशेन’ म्हणते, आणि मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो, कारण ‘सारखे’ आणि ‘भशेन’ यांचे काम एकच, दोन गोष्टींतील साम्य उघड सांगण्याचे. ही झाली उपमा. ‘डोंगरावर जणू दुधाचा घडाच कलंडला’ असे म्हटले की उत्प्रेक्षा, ‘हे पाणी म्हणजे दूधच’ असे ठामपणे म्हटले की रूपक, आणि ‘दुधाहूनही शुभ्र’ म्हटले की व्यतिरेक. धबधबा तोच राहतो, बोलण्याची धिटाई तेवढी वाढत जाते. हे एकदा लक्षात आले की मुले नावे आपोआप विचारतात. (‘दूधसागर’ या नावात पाण्याचा उल्लेखच नाही, त्यामुळे काटेकोर शास्त्रकार त्याला रूपक न म्हणता अतिशयोक्तीत घालतील, चौथीत त्या वादात शिरू नये.)

अनुप्रास डोळ्यांनी नव्हे, कानांनी शिकवावा. 1910 साली जन्मलेल्या कवी बा. भ. बोरकरांची ‘गडद निळे गडद निळे जलद भरुनि आले’ ही ओळ व्याकरणाच्या पुस्तकांत याच अलंकारासाठी दिलेली असते. ती मोठ्याने म्हणायला लावावी आणि कोणते अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येते, एवढेच विचारावे.

चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट सजीवासारखी वागते असे म्हणणे, शिकवावी लागत नाही, कारण ‘पाऊस रागावला’ असे मुले स्वतःच म्हणतात.

श्लेष मात्र थोडा उशिरा घ्यावा, कारण त्यासाठी एका शब्दाचे दोन अर्थ आधीच ओळखीचे असावे लागतात. ‘मांडवीला आणि नाटकाला, दोघांनाही पात्र लागते’ असे वाक्य मी वर्गापुढे ठेवतो; मांडवी ही नदी, तिचे पात्र वेगळे आणि नाटकातले पात्र वेगळे. ज्या मुलांनी गावच्या जत्रेत नाटक पाहिलेले असते, ती आधी हसतात आणि मग शेजारच्याला कारण सांगत बसतात.