व्होडका, व्हिनेगर की साखर?

प्रश्न : माझ्याकडे 300 लिटरची रीफ टँक (कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) आहे. पाणी बदलूनही नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली येत नाही. कार्बन डोसिंगसाठी, म्हणजे बॅक्टेरियाला खाद्य म्हणून कार्बन देण्यासाठी, व्होडका घालू, व्हिनेगर की साखर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या टँकला मी व्हिनेगरच देईन. पण त्याआधी स्किमरचा, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप बघा. कार्बन मिळाला की बॅक्टेरिया नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट खाऊन वाढतात. त्यांना पाण्याबाहेर काढतो तो स्किमर. कपात गडद, घाण वासाचा मळ जमत नसेल, तर आधी चांगला स्किमर घ्या, बाटलीचं नंतर बघू.

साखरेनंही काम होतं, पण कोरल तपकिरी पडल्याच्या तक्रारी मी इतक्या ऐकल्यात की ती कुणाला सुचवत नाही. व्होडका उत्तम चालते, मात्र फार तीव्र. आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल 42.8 टक्के असतं. तिच्या 1 मिलीत जेवढा कार्बन, तेवढ्यासाठी 4 टक्क्यांचं व्हिनेगर साधारण 11 मिली लागतं. म्हणजे मोजताना हात थोडा हलला तरी व्हिनेगरमध्ये निभावतं. नवख्यासाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. किराणा दुकानातलं पांढरं, बिनरंगाचं व्हिनेगर घ्या, ॲपल सायडर नको.

सुरुवात रोज 3 मिलीनं करा. सकाळी दिवे लागल्यावर, टँकच्याच पाण्यात पातळ करून, जोरदार प्रवाहात हळूहळू सोडा. एकदम ओतलं तर पीएच घसरतो. दर आठवड्याला 3 मिली वाढवा. नायट्रेट उतरू लागलं की वाढवणं थांबवा आणि 5 ते 10 पीपीएमवर आलं की डोस कमी करा. शून्याच्या मागे कृपया लागू नका! उपाशी टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्स (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) माजतात, आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) चढी असेल तर एसपीएस (बारीक पॉलिपच्या कठीण) कोरलची टोकं जळतात. फॉस्फेट मागे राहिलं तर त्यासाठी थोडं जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) लावा, व्हिनेगर वाढवू नका.

पाणी दुधाळ दिसलं तर डोस लगेच बंद करून एअर पंप लावा. बॅक्टेरिया ऑक्सिजन ओढतात आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. वीज जाऊन स्किमर बंद पडला असेल त्या दिवशीही डोस टाळा.