मोरोक्कन पुदिना चहा कडू का होतो?

तुमच्या तक्रारी तीन: चहा कडूजहर होतो, पुदिना काळा पडतो आणि फेस येत नाही. पहिल्या दोन्हींचं मूळ तुमच्या कृतीतच आहे. "पाणी, चहा, पुदिना, साखर सगळं एकत्र उकळायला ठेवलं," असं तुम्ही लिहिलंय. हा आपला अमृततुल्यवाला हात झाला. तिकडे असं करत नाहीत.

मी कामानिमित्त दोन-अडीच वर्षं मोरोक्कोतल्या अल जदीदाला होतो. (जोर्फ लास्फरचे फॉस्फेटचे कारखाने तिथून जवळच. आपल्याकडच्या खतांसाठी लागणारा बराच माल तिकडून येतो.) घरमालकीणबाईंनी जसं शिकवलं, तसं सांगतो.

चहा घ्यायचा तो चिनी गनपावडर. पानं वळून छऱ्यांसारख्या गोळ्या केलेल्या असतात. ग्रीन टीच्या पिशव्यांनी हे जमणार नाही, त्या नादी लागू नका. मोरोक्कोत चहा पिकवत नाहीत, सगळा बाहेरून येतो. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) नेहमीचे बाजार बंद झाल्यावर इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला माल टँजिअर आणि मोगादोर, म्हणजे आजचं एस्सावीरा, या बंदरांत उतरवला आणि हा चहा तिथे घरोघरी पोचला.

अर्ध्या लिटरच्या किटलीला एक मोठा चमचा चहा पुरे. त्यावर पाव पेला उकळतं पाणी घाला, हलवू नका, मिनिटभराने ते पेल्यात ओतून बाजूला ठेवा. हे फेकायचं नाही! याला ते चहाचा 'रूह' म्हणतात, आत्मा. आता पुन्हा तेवढंच पाणी घालून किटली गोल गोल फिरवा आणि हे गढूळ पाणी मात्र मोरीत ओता. धूळ आणि बराचसा कडूपणा यातच जातो. मी एकदा उलट केलं, पहिलं ओतून दुसरं ठेवलं. बाईंनी पेला नाकाशी नेला आणि एक शब्द न बोलता खाली ठेवला. पुन्हा ती चूक झाली नाही.

मग रूह परत किटलीत, वर उकळतं पाणी, आणि बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं. किटली धातूची हवी, तिला 'बर्राद' म्हणतात. गॅस बंद केल्यावरच साखर आणि पुदिना. आपल्या मंडईतली कोवळी जुडी चालते. निम्मी जुडी धुऊन, दांड्यांसकट दुमडून आत दाबा. एकही पान पाण्यावर तरंगता कामा नये. वर राहिलेला पुदिना 'जळतो' असं बाई म्हणायच्या, आणि तुमचा काळा पडतोय तो उकळल्यामुळे आणि तरंगल्यामुळेच. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं मुरू द्या.

साखर पाच-सहा चमचे. हो, इतकी. तिकडे ती दोन किलोच्या शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळते, हातोडीने फोडून घालतात. मधुमेहामुळे कमी करायची असेल तर चहापत्तीही त्याच मानाने कमी करा, नाहीतर पुन्हा कडूची तक्रार घेऊन याल.

चमच्याने ढवळायचं नाही. एक पेला भरायचा, किटलीत परत ओतायचा, असं तीनदा. मग चव बघायची, तीही यजमानाने, पाहुण्याने नव्हे.

आता फेस. किटलीचं तोंड पेल्याच्या काठाशी नेऊन बारीक धार सुरू करा, मग धार न तोडता हात फूटभर वर न्या. सुरुवातीलाच वरून ओतलंत तर चहा ट्रेमध्ये सांडेल. पेले लहान, काचेचे, दोन तृतीयांशच भरायचे. वर जमणाऱ्या फेसाला 'रझ्झा' म्हणतात, म्हणजे फेटा. पेला काठाशी आणि बुडाशी दोन बोटांनी धरा, मध्ये धरलात तर चटका बसेल.

पेल्यातच पुदिना कोंबून देतात ती कॅफेतली तऱ्हा, वर गांधीलमाश्या घोंगावत असतात. हिवाळ्यात पुदिन्याऐवजी किंवा सोबत कडवट 'शीबा' नावाचा पाला घालतात, तो नवख्याने टाळावा.

दुसऱ्यांदा किटली भराल तेव्हा चहापत्ती तीच ठेवा, पुदिना आणि साखर नवी. जुन्या काड्या मात्र आधी काढून टाका.