घोड्याची शीर दुखावली होती, आता लंगडत नाही. मोकळा सोडू का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या पायाची शीर (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्ताची नस नव्हे) सुजली, डॉक्टरांनी सहा महिने तबेल्यात ठेवायला सांगितलं, आत्ता कुठे पाच आठवडे झालेत, घोडा लंगडत नाही आणि बांधून बांधून पिसाळलाय. तर थोडा सोडला तर चालेल का, आणि खुराक किती द्यायचा.

नाही. सोडू नका. 'लंगडत नाही' हेच ऐकून आमची घोडी मैना जायची वेळ आली होती, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही माथेरानचे. वर गाड्यांना बंदी, त्यामुळे घरातली तीन घोडी म्हणजेच पोट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस पुरता उघडला नव्हता तेव्हा, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीकडून बाजारात येताना मैनेचा पाय ओल्या मुळावरून सटकला. संध्याकाळपर्यंत डाव्या नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागे केळं चिकटवल्यासारखा फुगवटा आला, हात लावला तर गरम. खालून डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन आले. पडद्यावर करड्या शिरेच्या मधोमध काळं भोक दिसत होतं. म्हणाले, "हे भरायला नऊ महिने तरी धरा." काका तोंडावरच म्हणाले, "नऊ महिन्यांत माणसाचं पोर होतं!"

पहिले दिवस सोपे असतात, कारण जनावर दुखत असतं आणि ऐकतं. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं पाय गार पाण्यात. आमच्याकडे पाइप कुठला, बादलीत पाय घालून उभी करायची आणि ओळखीच्या हॉटेलच्या किचनमधून बर्फ आणायचा. पट्टी दोन्ही पुढच्या पायांना बांधा, चांगल्यालाही, कारण सगळा भार तोच घेतोय. खाली जाड कापूस हवाच. नुसती पट्टी आवळली तर तीच शिरेला काचते.

दिवाळीपर्यंत सूज उतरली, चाल सरळ. मी परीक्षेला कल्याणला. दिवाळीचा सीझन म्हणजे आमची वर्षाची कमाई, आणि दाराशी 'बरी' घोडी उभी. काकांनी खोगीर घातलं. "दोनच फेऱ्या, हलकी पोरं होती," असं आजही सांगतात. मी परत आलो तेव्हा ती पाय टेकवत नव्हती. पुन्हा सोनोग्राफी, भोक जवळजवळ दुप्पट.

शिरेचं असं आहे की दुखणं आणि सूज काही आठवड्यांत जाते, पण आतला धागा नुसता कच्चा भरलेला असतो. त्याला ओढ सोसायची ताकद यायला महिने लागतात. घोड्याला ते कळत नाही. काकांनाही कळलं नाही.

वर काकांनी डाग द्यायला माणूस आणला. लोखंड तापवून शिरेवर ओळी ओढायच्या, म्हणजे 'रक्त धावतं'. मी तबेल्याच्या दारात आडवा उभा राहिलो आणि घरात जे व्हायचं ते झालं. तेव्हा माझ्याकडे मुद्दा नव्हता, नुसता राग होता. नंतर वाचलं की ब्रिस्टलच्या संशोधकांनी हे तपासून 1983 मध्येच लिहिलंय, डागल्यानं शीर लवकर भरत नाही. मग काकांचे जुने डागलेले घोडे बरे कसे झाले? भाजलेल्या पायाचा घोडा कोणी जुंपत नाही, म्हणून! सहा महिने उभा राहिला आणि श्रेय लोखंडाला मिळालं.

खुराक. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोडा. हरभरा बंद, कोंडा मूठभर, पोट गवतावर भरा. काका म्हणायचे, आजारी जनावराचा दाणा काढतात का! पण उभ्या घोड्याला दाणा दिला की तो अंगात येतो आणि पायावर निघतो. गवत थोडं थोडं, दिवसभर, बारीक जाळीत टांगून, म्हणजे चघळण्यात वेळ जातो.

आणि लीद मोजा. गंमत नाही. चांगला घोडा दिवसात आठ-दहा वेळा तरी टाकतो. दुसऱ्या खेपेला मैनेनं सकाळपासून दोनदाच टाकली, गोळे सुपारीसारखे कडक, वर चिकट पापुद्रा. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, पायानं जमीन उकरायला लागली. चालणं बंद, कोरडं गवत, वर थंडीत पाणी कमी प्यालेली, पोट बांधलं गेलं. रात्री डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल-पाणी सोडलं, पहाटे चारला लीद पडली आणि मी ती हातात घेऊन बघितली. तेव्हापासून गवत भिजवून, पाणी कोमट करून.

चांगल्या पायाच्या खुरावर रोज हात ठेवा. गरम लागलं किंवा टाचेवर नाडीचा ठोका जोरात उडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अमेरिकेतला शर्यतीचा घोडा बार्बारो 2006 मध्ये शर्यतीत पाय मोडूनही शस्त्रक्रियेतून वाचला होता. पुढच्या जानेवारीत त्याला कायमचं निजवावं लागलं ते भार पडून बिघडलेल्या दुसऱ्या पायांच्या खुरांमुळे.

फिरवणं आणि सोडणं यात फरक आहे. डॉक्टर हो म्हणाले तर हातात धरून, सपाट कडक जमिनीवर, पाच मिनिटांपासून सुरू करा आणि आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आमच्या दारात सपाट जागा साठ पावलांची, तेवढ्यातच येरझाऱ्या. पहिल्या दिवशी तिनं मला गवताच्या भाऱ्यासारखं उडवलं. एकटेपणाला आम्ही शेजारी शेळी बांधली. उपयोग झाला, शेळीनं माझी वही खाल्ली तो भाग वेगळा.

पुढच्या दसऱ्यानंतर मैनेवर खोगीर चढलं, तेही सोनोग्राफीत भोक भरलेलं बघून. काका गिऱ्हाइकांना सांगतात, "माझ्या हळद-तेलानं उठली." सांगू देत. तेल त्यांनी रोज लावलं हे खरं, आणि त्या बादल्यांतल्या निम्म्या त्यांनीच वाहिल्या.

तुमची दुखापत शिरेचीच आहे असं धरून हे लिहिलंय. हाडाला तडा किंवा खुरात पू असेल तर हिशोब वेगळा, तिथे तुमच्या डॉक्टरांचं ऐका. दुखण्याच्या गोळ्या त्यांना न विचारता लांबवू नका, पोटात अल्सर होतो. आणि कातडं कुठे फाटलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आजच बघा, घोड्याला तो फार पटकन होतो.