वाचकांचे प्रश्न : पिपातले उंदीर आणि माघातली पहाट

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून दादरला आमचा आठ-दहा जणींचा वाचनगट आहे. या महिन्यात आम्ही बा. सी. मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही कविता वाचली. नातीच्या गाइडमध्ये ‘उंदीर म्हणजे सामान्य माणूस, पीप म्हणजे महानगर’ असा अर्थ दिला आहे. तो समजला, पण बालकवी वाचताना मन जसे भरून येते तसे काही झाले नाही. किळस तेवढी वाटली. भावना न सांगता नुसत्या अशा प्रतिमा मांडून कवीला काय साधायचे असते? शिवाय पहिल्या ओळीत ‘ओले’च्या जागी ‘ओल्या’ ही छपाईची चूक आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे. ‘ओल्या’ ही छपाईची चूक नाही. ते ‘पिपांत’ या शब्दाचे विशेषण आहे. सरळ गद्यात ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ असे झाले असते. मर्ढेकरांनी ते विशेषण पिपापासून तोडले, ‘मेले’ या क्रियापदापलीकडे नेले आणि उंदरांना खेटून बसवले. व्याकरणाने ते पिपाचे राहते, पण कानाला ते उंदरांचे वाटते. आपल्याला तिथे ‘ओले’ असावे असे वाटले, म्हणजे ती ओल उंदरांच्या अंगापर्यंत पोहोचली होती. मनाला काहीच झाले नाही, हे आपले म्हणणे त्यामुळे मला पूर्णपणे मान्य करता येत नाही.

आता गाइडविषयी. त्यातला अर्थ अगदीच चुकीचा नाही, परंतु परीक्षेत दोन गुण मिळवून देण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. उंदराच्या जागी माणूस आणि पिपाच्या जागी शहर घालून कविता पुन्हा वाचली, तर उरते ते ‘शहरात माणसे मरतात’ एवढेच वाक्य, आणि त्यासाठी कवितेची गरज नव्हती. शिवाय त्या समीकरणात पुढच्या ओळी बसतच नाहीत. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण, ओठांवरती ओठ मिळाले, माना पडल्या, आसक्तीविण’ यात ‘माना पडल्या’ हे शब्द दोनदा येतात, मध्ये ओठ मिळतात, आणि बदलतो तो शेवटचा एक शब्द. पहिल्या खेपेला ती मान मरणाऱ्याची आहे, दुसऱ्या खेपेला प्रियकराच्या खांद्यावर पडावी तशी. पण मुरगळणारा कुणी नाही आणि ओढ असलेलाही कुणी नाही. मृत्यू आणि मीलन यांचा देह एकाच ठेवणीत दिसतो, आणि दोन्हींतून माणूस वजा झालेला असतो. ही जाणीव ‘मी दुःखी आहे’ असे म्हणून येत नाही. एकच शब्दसमूह दोनदा आणि दोन प्रकारे ऐकू आल्यामुळे येते.

कवितेत भावनेचे शब्द मुळीच नाहीत, असेही नाही. ‘गरिब बिचारे’ आहे, परंतु ते आपण रस्त्यावर कुणाकडे पाहून पुटपुटतो आणि पुढे चालू लागतो, तशा सवयीच्या सुरात. ‘उदासता’ तर नाव घेऊनच येते. तिला जहरी डोळे आहेत, आणि लगेच कवी पुस्ती जोडतो, ‘काचेचे पण’. म्हणजे या उदासीला रडताही यायचे नाही. ओठांवर मधाळ पोळे जमते, तर तेही ‘बेकलायटी’. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो: बेकलाइट हे सुरुवातीच्या काळातले प्लॅस्टिक, रेडिओच्या पेट्या, टेलिफोन आणि चाळीच्या भिंतीवरची काळी-तपकिरी गोल बटणे ज्याची असत ते. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, तेव्हा ही वस्तू त्यांच्या रोजच्या नजरेतली असणार. मधाच्या शेजारी ते प्लॅस्टिक ठेवल्यावर तोंडाला जी चव येते, तीच त्या ओळीतली भावना.

आणि मग शेवट : ‘पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!’ इथे ‘बुडाले’ नाही, ‘भिजले’ नाही, ‘आंघोळ’ तर नाहीच. ‘न्हाणे’ हे क्रियापद मराठी घरात कुठे कुठे येते, ते आपल्या गटातल्या मैत्रिणींना विचारून पाहा. दिवाळीचे अभ्यंग, हळदीनंतरचे न्हाण, वयात आलेल्या मुलीचे न्हाण, बाळंतिणीचे न्हाणे. इतके मंगल, इतके आईच्या हातचे क्रियापद पिपातल्या मेलेल्या उंदरांना लावायचे, तेही दोनदा आणि उद्गारचिन्हांसह! मला या कवितेत गलबलून येते ते इथे.

गंमत अशी की याच कवीने हेच क्रियापद मुंबईच्या एका पहाटेसाठीही वापरले आहे. ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने’ मुंबापुरीचे बंदर उजळत माघातली प्रभात येते, अशी त्या कवितेची सुरुवात आहे. तिथे घरे काळोखाच्या उशीवरून अलगद डोकी उचलतात, गवळी पिवळे हंडे भरून कावड नेतात, गरम चहाच्या पत्तीचा वास येतो आणि सगळे जण ‘गोड हिवाळा’ पितात. आनंद झाला असे कवी कुठे म्हणत नाही. आपल्या गटाने या दोन कविता एकाच बैठकीत, एकीमागून दुसरी अशा मोठ्याने वाचाव्यात, असे मी सुचवीन.

आपल्या लाडक्या बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी, झरा, टेकडीकडचे चिमुकले गाव, काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट, आणि शेवटी ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. त्यात तरी भावनेचा उच्चार कुठे आहे? ‘गोड काळिमा’ हे दोन शब्द तेवढे हळूच बोलून जातात. आपण औदुंबराजवळ सहज बसू शकता, कारण ते चित्र आपल्याला आवडते. पिपाजवळ बसवत नाही, एवढाच फरक आहे. किळस हीदेखील भावनाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रस आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, हा त्याचा स्थायीभाव (मूळ भावना) मानाने बसलेले आहेत. रसाचा त्याच्याच नावाने उच्चार करणे हा तर जुन्या काव्यशास्त्राने दोष मानला आहे. 1919 मध्ये टी. एस. एलियटने हॅम्लेटवरील निबंधात, भावनेसाठी वस्तूंची आणि घटनांची अशी मालिका शोधावी की ती समोर येताच तीच भावना जागी व्हावी, असे म्हटले. मर्ढेकरांनी प्रतिमांच्या अशा नात्याला ‘भावनानिष्ठ समतानता’ म्हटले. संज्ञा जड आहे आणि कविता वाचताना ती आठवण्याची काही गरज नाही.

प्रश्न : प्रतिमा आणि प्रतीक यांत नेमका फरक काय?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर : काटेकोर सीमारेषा नाही. केशवसुतांची 1893 मधली तुतारी हे प्रतीक आहे, कारण ती कशाची हाक आहे हे कविता स्वतःच उलगडून सांगते आणि कवितेबाहेरही तुतारी त्याच अर्थाने वाजत राहते. प्रतिमा आपल्या ओळीला घट्ट धरून असते. मर्ढेकरांची ‘वीज-गाडी’ पाहा. मुंबईत विजेवरची गाडी 1925 मध्ये व्ही. टी. ते कुर्ला सुरू झाली, म्हणजे कवीच्या पिढीसाठी ती नोकरदाराची रोजची वस्तू होती. ‘सकाळी उठोनी, चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी’ ही अक्षरे मोजा : सहा, सहा, सहा आणि चार. हा तुकोबांचा अभंग आहे. त्या चार अक्षरांच्या जागी ‘पांडुरंग’ही बसला असता, तिथे आता लोकल येऊन उभी राहते.